आधी आवळा, मग सोडवा : सायकलच्या बुटांची अडकलेली बक्कलं

लांबची राईड संपवून दारातल्या पायरीवर टेकलो होतो. डावा बूट निघाला. उजव्याचं बक्कल काही सुटेना. बटण दाबून पट्टा खेचला, पट्टा खेचून बटण दाबलं, दोन्ही एकदम करून पाहिलं, बक्कल ढिम्म. पाच-सात मिनिटं त्या बुटाशी झटापट केली, अंगठ्याचं नख तुटलं, आणि शेवटी वैतागून स्क्रूड्रायव्हरने बक्कलाची कळ उचकटायला गेलो तर कळच हातात आली. मग घरातून कात्री मागवली, पट्टा कापला आणि पाय मोकळा केला.

दोन दिवसांनी राग उतरल्यावर ते मोडकं बक्कल खोलून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. आत गंज नव्हता. मी मोडलं तेवढं सोडलं तर काही तुटलेलंही नव्हतं. चिमूटभर माती होती, पण तेवढ्याने बक्कल असं अडून बसत नाही. ते मीच अडवून ठेवलं होतं, पट्टा खेचून खेचून. त्यानंतर सोबत सायकल चालवणाऱ्या बऱ्याच जणांचे बूट सोडवून दिले, आणि बहुतेक वेळा एकही हत्यार लागलं नाही. लागली ती एकच गोष्ट, आणि ती कळली तर हा लेख अर्ध्यात सोडलात तरी चालेल.

दार आणि कडी

जुन्या दाराची कडी आठवा. दार बाहेरून कुणी रेटून धरलं असेल, किंवा पावसाळ्यात फुगून चौकटीवर दाबून बसलं असेल, तर कडी सरकत नाही. कडीला तेल लागलेलं असतं, ती वाकलेलीही नसते, पण दाराचा सगळा भार तिच्यावर आलेला असतो. अशा वेळी कडीशी मारामारी करून उपयोग नाही हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. दार जरा आपल्याकडे ओढून धरायचं, भार उतरला की कडी बोटाच्या टोकाने सरकते.

बुटाचं बक्कल म्हणजे हीच कडी, फक्त लहान आणि बरेच दात असलेली.

रॅचेटचं बक्कल तुम्ही पाहिलंच असेल. बुटाच्या आतल्या बाजूने एक प्लॅस्टिकचा पट्टा निघतो, पायाच्या वरून जातो आणि बाहेरच्या बाजूला बसवलेल्या बक्कलात शिरतो. पट्ट्यावर करवतीसारखे दात असतात. नीट पाहिलंत तर प्रत्येक दात एका बाजूने उताराचा आणि दुसऱ्या बाजूने उभ्या कड्याचा दिसेल. बक्कलाच्या आत स्प्रिंगवर बसवलेली एक छोटी खिटी असते. पट्टा आत सरकला की खिटी उतारावरून चढते आणि पुढच्या दातामागे टक्कन पडते. पट्टा मागे यायला लागला की उभा कडा खिटीवर येऊन आदळतो आणि तिथंच थांबतो. कळीमध्ये आणखी एक खिटी असते. कळ वर-खाली केली की ती पट्ट्याला एकेक दात पुढे ढकलते. एक खिटी ढकलणारी, एक धरून ठेवणारी.

सायकलवाल्यांना हे यंत्र नवं नाही. पेडल मारायचं थांबवल्यावर मागच्या चाकातून जी टिकटिक ऐकू येते, ती अशाच खिट्यांची. फ्रीव्हील एका दिशेला मोकळं फिरतं, दुसऱ्या दिशेला धरतं. केबल टायही तसाच, आणि पोलिसांच्या बेड्याही. बेड्यांचा विचार डोक्यात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता गोष्ट सोपी आहे. बक्कल सोडायचं बटण किंवा छोटी कळ जे करते ते एवढंच, की खिटी वर उचलते. पण पट्टा ताणलेला असेल तर दाताचा उभा कडा त्या खिटीवर पूर्ण ताकदीने दाबलेला असतो. कित्येक बक्कलांत हा कडा अगदी उभा नसून किंचित आत झुकलेला असतो, म्हणजे ओढ जितकी जास्त तितकी खिटी खोल रुतते. हे मुद्दाम केलेलं असतं. स्प्रिंट मारताना, चढावर उभं राहून पेडल ओढताना बक्कल सुटू नये म्हणून. पण राईड संपल्यावर आपण तोच पट्टा सोडवायच्या नादात बाहेर खेचतो, म्हणजे दाराला बाहेरून आणखी एक माणूस रेटायला लावतो, आणि वर कडी का निघत नाही म्हणून चिडतो.

त्यात पाय सुजलेला असतो. तासन्‌तास खाली लोंबकळलेला, तापलेला, एकसारखा दाबला गेलेला पाय सकाळी बुटात शिरला त्या मापाचा राहत नाही. सकाळी नेमका बसलेला पट्टा दुपारी आपोआप घट्ट झालेला असतो. शेवटच्या टप्प्यात उत्साहाच्या भरात आणखी दोन दात आवळले असतील तर मग विचारायलाच नको.

तर करायचं काय

बसा. उभ्याने, एका पायावर नाचत हे काम होत नाही. मी पडलो आहे. टाच कशावर तरी टेकवा आणि पाय सैल सोडा. बोटं वर खेचून धरली की घोट्याच्या पुढची शीर टरारून वर येते आणि पट्ट्याला खालून ढकलते, म्हणून पंजा पुढे खाली जाऊ द्या.

बुटाला खाली वेल्क्रोचे पट्टे असतील तर ते आधी उघडा. बरेच जण सवयीने वरचं बक्कल आधी सोडायला जातात. खालचे पट्टे मोकळे झाले की बूट पुढून रुंदावतो, पाय थोडा पुढे सरकतो आणि वरच्या पट्ट्यावरची ओढ कमी होते.

आता दोन्ही हात. एका हाताचा तळवा बुटाच्या बाहेरच्या बाजूला, बक्कलाच्या अगदी खाली ठेवा. बोटं पायावरून पलीकडे नेऊन बुटाची आतली बाजू पकडा. आणि लिंबू पिळावं तसा बूट दोन्हीकडून दाबा. म्हणजे पट्टा आवळण्याच्या दिशेला जोर. पट्टा किंचित सैल पडलेला, मधोमध फुगवटा आलेला दिसला पाहिजे. तो फुगवटा धरून ठेवून दुसऱ्या हाताने बटण दाबा. पट्टा खेचू नका. बटण दाबलेलं असतानाच बुटाची पकड हळूहळू सोडा. पट्टा स्वतःच मागे सरकतो.

एवढ्याने झालं नाही तर कळ उचलून पट्टा आणखी एक दात आवळा. हो, आवळा. दुखेल, पण क्षणभरच. खिटीला मोकळेपणाने हलता येईल अशी एकच दिशा असते, उतारावरून चढण्याची. तिच्याखाली मातीचा कण अडकलेला असेल किंवा ती तिरकी होऊन रुतली असेल, तर तो एक दात पुढे जाताना ती उचलली जाते, हलते, कण निसटतो. मग लगेच पुन्हा दाबणं आणि बटण. मी सोडवलेल्या बुटांपैकी निम्मे तरी या एका टकटकीवर सुटले असतील.

पट्टा बक्कलात सरळ शिरला आहे ना हेही पाहा. घाईत घातलेला पट्टा तिरका जातो, दात एकाच कडेला पकडतात आणि खिटी वाकड्या ओढीने जॅम होते. पट्टा धरून डावीकडे-उजवीकडे हलकेच डोलवला की तो सरळ होतो. पट्ट्याचं शेपूट वरच्या बाजूला वळलेलं असेल तर तेही बक्कलाच्या तोंडाशी येऊन अडतं. बोटाने चपटं दाबून धरावं लागतं.

माती, घाम आणि साखर

भार उतरवूनही बक्कल हलत नसेल तर आत काहीतरी आहे. पहिला उपाय तुमच्या सायकलवरच असतो, पाण्याची बाटली. बाटली दाबून पिचकारीसारखा झोत बक्कलाच्या फटीत मारा, बटण आठ-दहा वेळा दाबा-सोडा, पुन्हा झोत. चिखल वाळून घट्ट झाला असेल तर मिनिटभर भिजू द्या. थंडीत चिखल गोठून बसला असेल तर कोमट पाणी. बाटलीत साधं पाणी आहे याची मात्र खात्री करा. एकाने घाईत गोड एनर्जी ड्रिंकचा झोत मारला होता. त्या दिवशी बक्कल सुटलं, पण पुढच्या रविवारी साखर वाळून असं चिकटलं की विचारू नका.

तसंही गोड पेयाचे थेंब राईडभर बुटांवर पडतच असतात. आणि घाम. पेडल मारताना जो घाम पायावरून खाली येतो त्यातलं मीठ बक्कलात जाऊन बसतं आणि केसाएवढ्या त्या स्प्रिंगला गंजवतं. घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, सायकल चालवणाऱ्यांच्या बुटांना हा त्रास जास्त होतो, कारण तिथं वारा नाही आणि पाऊसही नाही. घाम जिथं पडला तिथंच सुकतो.

घरी आल्यावर जुना टूथब्रश, भांडी घासायचा साबण दोन थेंब, कोमट पाणी. बक्कल उघडून, पट्टा पूर्ण बाहेर काढून दोन्ही घासा. पट्ट्याच्या दातांच्या खाचांत जी काळी रेघ दिसते ती साखळीच्या तेलात मळलेली धूळ असते. ती निघेपर्यंत घासा. बक्कलात फुंकर मारून किंवा हलवून पाणी काढा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या.

मग वंगण, आणि इथं हात आखडता घ्या. घट्ट तेल किंवा ग्रीस घातलं की दोन दिवस बक्कल लोण्यासारखं चालतं आणि तिसऱ्या दिवशी रस्त्यावरची सगळी धूळ त्यात येऊन बसते. सिलिकॉनचा स्प्रे किंवा सुकून जाणारं कोरडं वंगण, तेही कापसाच्या काडीवर घेऊन खिटीच्या सांध्याला एक स्पर्श. थेट फवारलंत तर ते बुटाच्या अस्तरात आणि तळव्याच्या गोंदापर्यंत जातं. डब्ल्यूडी-४० चालतं का, हा प्रश्न हमखास येतो. अडकलेलं सोडवायला चालतं. पण हे द्रव्य १९५३ मध्ये बनलं ते पाणी हटवण्यासाठी, नावाचा अर्थच मुळी ‘वॉटर डिस्प्लेसमेंट, चाळिसावा प्रयत्न’ असा आहे. वंगण म्हणून ते फार टिकत नाही. काम झालं की पुसा आणि वर सिलिकॉन लावा. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन, थिनर, पेट्रोल यांच्या वाटेला जाऊ नका. बक्कलाचं प्लॅस्टिक त्यांनी तडकू किंवा चिकट होऊ शकतं.

बेड्यांची युक्ती

समजा बटण दाबल्यावर काहीच जाणवत नाही, दाबलं तरी पोकळ लागतं. म्हणजे बटण आणि खिटी यांचा संबंध तुटला आहे किंवा स्प्रिंग गेली आहे. खिटी दातामागे बसली आहे आणि तिला उचलणारं कुणी नाही. अशा वेळी तिला आपणच उचलायचं.

प्लॅस्टिकच्या पातळ बाटलीतून बोटभर लांब आणि पट्ट्याहून जरा अरुंद अशी एक पट्टी कापा. ती दातांवर सपाट ठेवून, पट्टा ज्या तोंडातून बक्कलात शिरतो त्याच तोंडातून आत सरकवा. खिटीपाशी ती अडेल. आता पट्टा एक दात आवळा. खिटी उतारावर चढते त्या क्षणी पट्टी तिच्याखाली शिरते आणि दात झाकले जातात. खिटीला पकडायला काही उरत नाही आणि पट्टा पट्टीसकट मागे सरकतो. साध्या बेड्या चावीशिवाय उघडतात त्या याच पद्धतीने, आधी एक दात आवळून. केबल टायमध्ये टाचणी घालून तो सोडवता येतो तोही याच जातीचा प्रकार.

पडल्यामुळे कळच वाकून बक्कलावर चेपली असेल तर टायर लिव्हर, म्हणजे टायर उचकटायचा दांडा, वापरा, तोही प्लॅस्टिकचा. तो पातळ असतो, बुटावर ओरखडे काढत नाही आणि जोर जास्त झाला तर स्वतः वाकतो, बक्कल मोडत नाही. स्क्रूड्रायव्हरने काय होतं ते मी वर सांगितलंच आहे.

आणि कापायचंच झालं तर पट्टा कापा, बूट नव्हे. पट्टा सुटा मिळतो, बऱ्याच बुटांत बक्कलही. दोन्ही एखाद-दुसऱ्या स्क्रूवर बसवलेले असतात. काहींचा स्क्रू वरूनच दिसतो, काहींचा आत, अस्तराखाली किंवा इनसोलखाली लपलेला असतो. कात्री बक्कल आणि पाय यांच्या मधल्या भागात, पट्ट्याखाली चमच्याचा दांडा सरकवून मगच चालवा. पाय सुजलेला असतो आणि त्वचा पट्ट्याला चिकटून असते. नवं बक्कल मागवताना डावं की उजवं ते नक्की सांगा, कारण दोन्ही आरशातल्या प्रतिमेसारखी उलट असतात आणि चुकीचं आलं तर कळ आतल्या बाजूने उघडते, दर पेडलला क्रँकला घासते. दात झिजून गोल झालेल्या पट्ट्यावर नवं बक्कल बसवू नका. ते अडकणार नाही, उलट राईडमध्ये सुटत राहील.

डायल आणि तार

अलीकडच्या बुटांवर बक्कलाऐवजी गोल डायल दिसते. हा प्रकार रूढ केला बोआ या कंपनीने, २००१ मध्ये, आणि तोही आधी स्नोबोर्डच्या बुटांसाठी. आतमध्ये एक छोटी रीळ असते, डायल फिरवली की तार तिच्यावर गुंडाळली जाते आणि रीळ उलटी फिरू नये म्हणून आत पुन्हा दात आणि खिट्या. म्हणजे कुळ तेच.

डायलच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळा जे ‘अडकलं’ म्हणून सांगितलं जातं ते अडकलेलं नसतंच. काही डायल दोन्हीकडे फिरतात, उलट फिरवली की थोडी थोडी सैल होतात. काही फक्त आवळण्याच्या दिशेला फिरतात आणि सोडायला त्या वर ओढाव्या लागतात. दुसऱ्या जातीची डायल उलटी फिरवायचा कितीही प्रयत्न केला तरी ती हलणार नाही. मित्राचे बूट घालून पाहणारे इथंच फसतात.

वर ओढूनही उठत नसेल तर तिच्या कडेखाली वाळू असते. पाणी मारा, अर्धी टिक आवळा, म्हणजे खिट्यांवरचा भार हलेल, आणि मग ओढा. ओल्या, चिखलाच्या हातात डायल निसटत असेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा तिच्याभोवती गुंडाळून पकडा. डायल उठली पण तार बाहेर येत नाही, असं झालं तर रिळावर गुंता झाला आहे. तार सैल असताना भराभर डायल फिरवली की वेटोळी एकमेकांवर चढतात, पतंगाचा मांजा चक्रीवर ढिला गुंडाळल्यावर होतो तसं. डायल वर ठेवून तार दोन्ही बाजूंनी आळीपाळीने थोडी थोडी ओढा. पूर्ण बाहेर आली की डायल दाबा आणि आता तारेला बोटाने ताण देत पुन्हा गुंडाळा.

ही तार दिसते दोऱ्यासारखी, पण बहुतेक बुटांत पोलादाच्या बारीक तारा पिळून तिच्यावर नायलॉनचं आवरण दिलेलं असतं. कात्रीने कापायला गेलात तर कात्री जाईल. गिअरची केबल कापायचा कटर लागतो. कापायच्या आधी हेही लक्षात घ्या, की बोआच्या डायल आणि तारेला त्या बुटाच्या आयुष्यभराची हमी आहे, बदली भाग कंपनी देते.

वेल्क्रो आणि लेस

वेल्क्रोचा जन्म सगळ्यांना माहीत असतो : १९४१ मध्ये जॉर्ज द मेस्त्राल हा स्विस इंजिनिअर कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरून आला, कुत्र्याच्या केसांत काटेरी बोंडं अडकली होती, ती त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि प्रत्येक काट्याच्या टोकाला आकडा दिसला. आपल्याकडे आघाड्याची कुसळं धोतराला चिकटतात ती काही कमी नव्हती, पण ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं कुणाला सुचलं नाही, ते असो.

वेल्क्रो सरकवायच्या ओढीला भक्कम आणि सोलायच्या ओढीला दुबळा असतो. म्हणून तो टोकापासून वर सोलत काढायचा, लांबीच्या दिशेने खेचायचा नाही. तो अडकत नाही, उलट काही महिन्यांनी चिकटेनासा होतो, कारण आकड्यांत मोज्यांचे धागे आणि केस भरतात. टाचणीने किंवा बारीक दातांच्या फणीने ते उचकटून काढा. बूट ठेवताना वेल्क्रो बंद करून ठेवलात तर भरणारच नाहीत. एवढंच.

लेसचे बूट पुन्हा आले आहेत आणि त्यांच्याबरोबर निरगाठही आली आहे. पावसात भिजलेली, वर चिखल बसलेली सुरगाठ घाईत चुकीचं टोक ओढलं की निरगाठ होते. इथंही खेचण्याने गाठ आवळतेच. लेसचं एक टोक धरून पीळ द्या, ते काडीसारखं कडक होईल, आणि मग ते गाठीत ढकला. ओढायचं नाही, ढकलायचं. आतली वेटोळी सैल होतात आणि गाठ फुलते. नखं खराब करायच्या आधी हे करून पाहा.

बूट निघाला, पाय मात्र पेडलमध्ये

आतापर्यंतचा त्रास घरच्या पायरीवरचा होता. रस्त्यावर खरी घाबरगुंडी उडते ती तळव्याखालचं क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा छोटा तुकडा, पेडलमधून सुटत नाही तेव्हा.

पूर्वी रेसर लोक पेडलला पिंजरा लावून त्यातून चामड्याचा पट्टा आवळत. थांबायच्या आधी खाली वाकून त्या पट्ट्याचं बक्कल सैल करावं लागे. विसरला तो आडवा. १९८४ मध्ये स्कीच्या बाइंडिंग बनवणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीने टाच बाहेर वळवली की सुटणारं पेडल आणलं, आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनो या फ्रेंच रेसरने ते वापरून तूर द फ्रान्स जिंकली. तेव्हापासून सुटण्याचं सगळं गणित एका हालचालीवर आहे : टाच वळली की क्लीट वळतं, क्लीट वळलं की पेडलची स्प्रिंग त्याला सोडते.

आता क्लीट तळव्याला धरून ठेवणारे बोल्ट सैल झाले तर? डोंगरी सायकलच्या एसपीडी (शिमानो कंपनीची पेडल-क्लीटची पद्धत) क्लीटला दोनच बोल्ट असतात. त्यातला एक पडला की क्लीट उरलेल्या बोल्टभोवती गोल फिरतं. तुम्ही टाच वळवता, पाय वळतो, बूट वळतो, क्लीट आपल्या जागी शांत. कितीही वळवा. अशा वेळी थांबू नका, हळू पेडल मारत राहा आणि भिंत, खांब, कठडा, जे मिळेल ते गाठा. ते हाताने धरा, मग बक्कल सोडा आणि बूट पेडललाच लटकत ठेवून पाय बाहेर काढा. या क्षणी बक्कलही अडकलेलं नसावं, याच एका कारणासाठी मी बक्कलं साफ ठेवायला लागलो.

लटकलेला बूट सावकाश काढता येतो. पेडलच्या स्प्रिंगचा ताण कमी करायचा छोटा स्क्रू असतो, एसपीडीला ३ मिमीची ॲलन की लागते. तो उणे चिन्हाकडे फिरवा, पक्कडीने क्लीटची कड धरून वळवा. नवशिक्यांनी तसाही हा स्क्रू सैलच ठेवावा. शिमानोच्या एसपीडीत एसएच-५६ नावाचं क्लीट मिळतं, ते फक्त आडवं वळवूनच नाही तर वर खेचूनही सुटतं. घाबरून पाय ओढणाऱ्यांसाठी ते बरं.

बोल्ट सैल होतात तसे ते जॅमही होतात, आणि हा आमच्याकडचा सगळ्यात रटाळ प्रकार. चालताना बोल्टच्या डोक्यातला षटकोन खडी-मातीने भरतो. ॲलन की अर्धीच बसते, आपण जोर लावतो आणि कोपरे गोल होतात. म्हणून आधी सुईने खाच तळापर्यंत कोरून काढा, गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा, ४ मिमीची की हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण आत बसवा. मग आधी किंचित आवळा, गंजाची पकड कचकन तुटल्यासारखी जाणवते, आणि मग सोडवा. तीन बोल्ट असतील तर एकेक पूर्ण काढू नका. तिघांना आळीपाळीने पाव-पाव फेरा द्या, नाहीतर शेवटच्या बोल्टवर सगळ्या क्लीटचा ताण येतो. कोपरे आधीच गेले असतील तर टी-२५ मापाचा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा) बिट त्या खाचेत ठोकून बसवा, तो कडांना चावतो. गॅसची ज्योत दाखवू नका. तळवा कार्बनचा असो की नायलॉनचा, उष्णतेने आधी तोच जातो.

नवे बोल्ट बसवताना आट्यांना ग्रीस लावा, इथं ग्रीस हवंच, आणि ५ ते ६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. जुने बोल्ट मात्र तिथल्या तिथं फेकून द्या. ‘असू देत’ म्हणून डब्यात टाकलेत की पुढच्या वेळी नेमके तेच हाताला लागतात.